अमरेलीची सक्ती

बडोदे संस्थानचा जुना नकाशा ज्यांनी पाहिला असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट सहज आली असेल. हे राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत. आणि ह्या चारांच्या मधून कोठे ब्रिटिश मुलूख, तर कोठे दुसऱ्या संस्थानिकांची गावे पसरलेली. त्यांतही अमरेली प्रांत काठेवाडात, राजधानीपासून अगदीच तुटलेला. भोवती भावनगर, जुनागड, गोंडळ यांसारखी संस्थाने आणि अनेक लहानसहान जहागिऱ्या. काळ्या जमिनीचा, बाजरी, जोंधळा आणि कापूस पिकविणारा, पावसाच्या लहरीवर जगणारा हा मुलूख. विद्येचे माहेरघर म्हणून त्याची कधी ख्याती नव्हती.

अशा ह्या मुलखाच्या एका तालुक्यात, १८९३ साली, सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने एक प्रयोग सुरू झाला. अमरेली गाव आणि आसपासची खेडी मिळून आरंभी दहा ठिकाणी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्यात आले. हिंदुस्थानात राज्यकर्त्याने कायद्याच्या जोरावर मुलांना शाळेत आणण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. हा प्रयोग कसा चालला, त्याने काय साधले आणि काय साधले नाही, ह्याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

प्रथम काळ ध्यानात घेतला पाहिजे. इंग्लंडमध्ये १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा झाला आणि १८८० साली तेथे सक्ती सर्वत्र लागू झाली. जपानने १८७२ सालीच आपली शिक्षणसंहिता जाहीर केली होती. आपल्याकडे १८८२ साली हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला, तेव्हा पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन सादर करून बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी स्पष्ट मागणी केली. सरकार शेतकऱ्यांच्या घामातून सारा गोळा करते आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. आयोगाने प्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले. सक्तीची गोष्ट मात्र दूरच राहिली. ब्रिटिश अंमलदारांचे म्हणणे असे की, लोकांनाच विद्येची गोडी नाही, तेथे सक्ती कोणावर आणि कशाच्या बळावर करावयाची?

हे निवेदन सादर झाले त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ च्या डिसेंबरात, सयाजीरावांच्या हाती राज्याची पूर्ण मुखत्यारी आली होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घराण्यातील हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि त्याची अक्षरओळख नुकतीच सुरू व्हावयाची होती. राजवाड्यात त्याच्यासाठी शाळा निघाली, इलियटसाहेबांसारखा शिक्षक नेमला गेला आणि दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी राज्यकारभाराचे पाठ दिले. योग्य गुरू आणि नियमित अभ्यास मिळाला, तर खेड्यातले निरक्षर मूल थोड्या वर्षांत कोठवर जाते, हे महाराजांना दुसऱ्या कोणी पटवून देण्याची गरज नव्हती. लोकांना विद्येची गोडी नाही, हे कारण त्यांना पटले नाही, ह्याचे बीज येथेच असावे.

तथापि राज्यभर एकदम हुकूम सोडण्याचा मोह त्यांनी टाळला. बडोदे राज्यात तीन हजारांवर खेडी. त्या सर्वांना पुरतील इतक्या शाळा नव्हत्या, शिक्षक तर नव्हतेच नव्हते. शाळा नसलेल्या गावात मुलांना शाळेत येण्याची सक्ती करणे म्हणजे विहीर नसलेल्या गावात पाणी भरण्याचा हुकूम काढण्यासारखे झाले असते. म्हणून एक तालुका निवडला. त्या तालुक्यातलीही आरंभी दहाच ठिकाणे घेतली. तेथे काय घडते ते पाहिले आणि मग हळूहळू इतर खेड्यांकडे पाऊल टाकले. मोठ्या सुधारणेची लहान जागेवर परीक्षा घेण्याची ही रीत आज आपल्याला साधी वाटते. त्या काळी, जेव्हा एक तर काहीच करावयाचे नाही किंवा सगळे कागदावर करून टाकावयाचे, असा राज्यकारभाराचा प्रघात होता, तेव्हा ती साधी नव्हती.

आता ह्या शाळांचा कारभार कसा चाले ते पाहू. सक्तीचा पहिला आधार म्हणजे यादी. गावात शाळेच्या वयाची मुले किती, कोणाच्या घरची, त्यांतली शाळेत जातात किती, हे ठाऊक झाल्याखेरीज सक्ती हा शब्द पोकळ ठरतो. शेतसाऱ्यासाठी जमिनीची मोजदाद होत होती. आता मुलांचीही मोजदाद होऊ लागली. मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंत हे बंधन होते. दुसरा आधार म्हणजे हजेरीपट. मूल कारणाशिवाय गैरहजर राहू लागले, तर पालकाला समज मिळे आणि तरीही फरक पडला नाही, तर दंड होई. तिसरा आधार म्हणजे सवलत. आजारी किंवा अपंग मूल, शाळेपासून फार दूर राहणारे मूल, ज्याच्या कष्टांवर दुबळ्या आईबापांचे पोट अवलंबून आहे असे मूल, ह्यांना ह्या बंधनातून मोकळीक होती. आणि चौथा आधार म्हणजे फीची माफी. ज्याला दंडाचे भय घालून शाळेत आणावयाचे, त्याच्याकडूनच पुन्हा फी मागणे हा अन्याय आहे, हे तत्त्व प्रारंभापासून मान्य झालेले होते.

ह्या चार आधारांचा नीट विचार केला, तर एक गोष्ट दिसून येते. सक्ती पालकावर होती खरी. परंतु तिच्यामुळे दरबारच अधिक बांधला गेला. दंड करावयाचा तर शाळा जवळ पाहिजे, शाळा चालवावयाची तर शिक्षक पाहिजे, शिक्षक पाहिजे तर त्याला वेळेवर पगार पाहिजे आणि शिकविण्याची विद्या पाहिजे. म्हणून पुरुष आणि स्त्री शिक्षकांसाठी बडोद्यात शिक्षणशाळा चालविणे, लहान खेड्यांत ठराविक संख्येने मुले जमतील तेथे ग्रामशाळा उघडणे आणि शाळांच्या तपासणीसाठी अधिकारी नेमणे, ही सारी कामे त्या एका हुकुमाच्या मागोमाग आली. शिक्षणखात्यात हरगोविंददास कांटावाला ह्यांच्यासारखे गुजराती विद्वान होते. आणि खेड्यांतील शाळांची भाषा गुजराती होती, हेही मुद्दाम सांगितले पाहिजे. राजा मराठी, दरबारात मराठी माणसांचा मोठा भरणा. पण अमरेलीच्या शेतकऱ्याच्या मुलाला अक्षर शिकवावयाचे ते त्याच्या आईच्या भाषेत, ह्याबद्दल महाराजांच्या मनात संदेह नव्हता. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी लोकांना ह्या गोष्टीचे मोल अधिक कळावे.

अडचणी थोड्या नव्हत्या. खेड्यातले आठ-नऊ वर्षांचे मूल म्हणजे घरातला एक कामकरी हात. गुरे राखणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, कापूस वेचणे, पाखरे हाकणे, ही कामे त्याच्याच वाट्याला येत. सुगीच्या दिवसांत शाळा ओस पडे. पालकाच्या दृष्टीने शाळेचा लाभ दूरचा आणि गुराख्याचा तोटा आजचा. अशा माणसाला दंड केला की त्याला राजाची दयाबुद्धी दिसत नाही. एका नव्या पट्टीची भर पडली, एवढेच दिसते. फी माफ केली तरी मुलाच्या मजुरीचे नुकसान भरून निघत नाही, हे सक्तीच्या शिक्षणाचे जुने दुखणे अमरेलीत प्रथम उघड झाले आणि ते आजही पुरते बरे झालेले नाही.

मुलींची अडचण वेगळी होती. लहान वयात लग्न, म्हणून लहान वयात शाळा बंद. तेव्हा नुसत्या शाळेच्या कायद्याने भागणारे नव्हते. १९०४ साली बडोद्याने बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. त्यात मुलीच्या लग्नाचे वय किमान बारा आणि मुलाचे सोळा ठरविले. शाळा आणि लग्न ह्या दोन कायद्यांचा असा निकटचा संबंध आहे. मुलींना शिकवावयाचे तर शिक्षिका हव्यात आणि शिक्षिका हव्यात तर आधी मुली शिकल्या पाहिजेत, हे कोडे सुटावयास एक पिढी जावी लागली. महाराणी चिमणाबाई ह्या कार्यात सतत पाठीशी होत्या. पुढे १९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नासाठी भरले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, हे योग्यच झाले.

आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांची अडचण सर्वांत कठीण. त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा बडोद्यात सक्तीच्या प्रयोगाच्या आधीच निघाल्या होत्या. पण त्यांत शिकवावयास सवर्ण शिक्षक तयार होत नसत. पंजाबातून आलेल्या आर्यसमाजी पंडित आत्माराम अमृतसरी ह्यांच्याकडे १९०८ च्या सुमारास ह्या शाळांची देखरेख आली, तेव्हा त्या कामाला खरी गती मिळाली. ह्याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. परंतु तेच आंबेडकर विद्याविभूषित होऊन १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा राजधानीच्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळू शकली नाही आणि त्यांना परत जावे लागले. राजाज्ञेने मूल शाळेच्या उंबरठ्यापर्यंत येते; समाजाचा उंबरठा ओलांडण्याचे सामर्थ्य त्या आज्ञेत नव्हते. बडोद्याच्या कीर्तीचा हिशेब मांडताना जमेच्या बाजूइतकाच हा खर्चाचा आकडाही लिहिला पाहिजे.

प्रयोग सुरू होऊन सहा-सात वर्षे होतात न होतात, तोच १८९९-१९०० चा दुष्काळ कोसळला. संवत १९५६ मधला म्हणून गुजरात-काठेवाडात तो छप्पन्नाचा दुष्काळ ह्या नावाने ओळखला जातो. बडोदे राज्याची लोकसंख्या १८९१ साली चोवीस लाखांवर होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती वीस लाखांच्या आत आली. ज्या मुलखात गुरे मेली, माणसे देशोधडीला लागली, तेथे हजेरीपटाचे काय झाले असेल, हे सांगावयास नको. अशा संकटानंतर हा प्रयोग गुंडाळून ठेवला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. तो गुंडाळला गेला नाही. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ साली, सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा संपूर्ण राज्याला लागू करण्यात आला. राज्याच्या एका टोकाला असलेल्या तालुक्याने सगळ्या राज्याला धडा घालून दिला, असा प्रसंग इतिहासात वारंवार येत नाही.

ह्या धड्याचे पडसाद कलकत्त्यास उमटले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला आणि १६ मार्च १९११ रोजी आपले विधेयक मांडले. त्या वेळी त्यांच्या हाती बडोद्याचे आकडे होते. १९०९ साली बडोदे राज्यात शाळेत जाणारी मुले सुमारे १,६५,०००, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा आठांहून अधिक. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी शेकडा जवळजवळ ऐंशी आणि मुलींपैकी शेकडा सुमारे सत्तेचाळीस शाळेत होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात हेच प्रमाण मुलग्यांचे शेकडा एकवीस-बावीस आणि मुलींचे शेकडा चार. प्राथमिक शिक्षणावर बडोद्याचा खर्च सुमारे साडेसात लाख रुपये, म्हणजे दरडोई सहा आण्यांच्या आसपास. ब्रिटिश मुलखात तो दरडोई एक आणा. गोखल्यांच्या युक्तिवादाचे सारे बळ ह्या तुलनेत होते. बडोद्याची खेडी आणि ब्रिटिश गुजरातची खेडी एकमेकांच्या शेजारी होती. माती तीच, भाषा तीच, जाती त्याच, दारिद्र्यही तेच. शिवेच्या अलीकडे मूल शाळेत आणि पलीकडे गुरांमागे असेल, तर दोष लोकांच्या स्वभावाचा की कारभाराचा?

गोखल्यांचे विधेयक अतिशय सौम्य होते. सक्ती करावी की नाही, हे नगरपालिकांनी आणि स्थानिक मंडळांनी ठरवावयाचे. तीही जेथे आधीच पुरेशी मुले शाळेत येत आहेत अशाच ठिकाणी. आणि आरंभी फक्त मुलग्यांसाठी. तरीसुद्धा १९ मार्च १९१२ रोजी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत सरकारी सभासद होते, तसे आपल्यातील काही धनिक आणि जमीनदारही होते. खर्च परवडणार नाही, लोक खवळतील, शेतीला मजूर मिळणार नाहीत, हे त्यांचे आक्षेप. अमरेलीने ह्यांतल्या बहुतेक आक्षेपांना कृतीने उत्तर दिलेले होते. पण ज्यांना उत्तर ऐकावयाचेच नाही, त्यांच्यापुढे आकडे काय करणार?

मात्र आपणही त्या आकड्यांकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. पटावर नाव असणे म्हणजे रोज शाळेत असणे नव्हे, आणि रोज शाळेत असणे म्हणजे शिकणे नव्हे. मुले खालच्या इयत्तांतच रेंगाळत. वय संपले की शाळा सुटे. आणि वाचावयास पुस्तक नाही, लिहावयास कारण नाही, अशा घरात चार-पाच वर्षांत मिळविलेले अक्षरज्ञान थोड्याच काळात पुसले जाई. हा दोष महाराजांच्या लक्षात आला, हे त्यांच्या दृष्टीचे वैशिष्ट्य. शाळा अक्षर देते, परंतु ते टिकविण्यासाठी ग्रंथ हवा, ह्या विचाराने त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन ह्या ग्रंथपालास आणविले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालयांना मदत मिळू लागली आणि लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांत जाऊ लागली. मोतीभाई अमीन ह्यांच्यासारख्या गुजराती कार्यकर्त्यांनी ह्या चळवळीला लोकांचे पाठबळ मिळवून दिले. ग्रंथालयांची ही चळवळ पुष्कळदा स्वतंत्र पराक्रम म्हणून वर्णिली जाते. खरे पाहता ती सक्तीच्या शाळांच्या पोटी जन्मली. अमरेलीचा धडा अर्धा होता. तो पुरा करण्यासाठी हा खटाटोप होता.

पुढची हकीकत आपल्याला माहीत आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या राज्यात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरविला. विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ साली मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. ती मुदत टळून गेली. शेवटी २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क अमलात आला. अमरेलीच्या त्या दहा ठिकाणांपासून येथवर यावयास देशाला एकशेसतरा वर्षे लागली.

ह्या नव्या कायद्यात एक मोठा फरक आहे. त्यात सक्ती हा शब्द कायम आहे, पण तिचा रोख फिरलेला आहे. पालकाला दंड सांगितलेला नाही. मुलाला जवळ शाळा देणे, त्याला दाखल करून घेणे, त्याची हजेरी आणि त्याचे शिक्षण पुरे होईल हे पाहणे, हे कर्तव्य सरकारावर टाकले आहे. १८९३ साली राजा प्रजेला म्हणत होता, मूल शाळेत धाडा, नाहीतर दंड भरा. आज प्रजा सरकारला म्हणू शकते, आमच्या मुलासाठी शाळा द्या, शिक्षक द्या, हा आमचा अधिकार आहे. अमरेलीच्या व्यवहारात जे दरबारावर आपोआप येऊन पडले होते, ते आता कायद्याच्या अक्षरांत आले आहे.

बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून अमरेली हा गुजरात राज्याचा जिल्हा आहे. त्या जुन्या यादीतली मुले, त्यांचे पंतोजी आणि दंड भरताना कुरकुरणारे त्यांचे बाप, ह्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. महाराजांचे पुतळे उभे राहिले, ते योग्यच आहे. पण एक हुकूम निघून तेरा वर्षे तो टिकला, तो केवळ राजाच्या इच्छेने टिकत नाही. दुष्काळानंतर पुन्हा हजेरीपट उघडून बसणारा कोणी शिक्षक असावा लागतो. आणि मजुरीचा हात कमी झालेला सोसूनही मूल शाळेत धाडणारी कोणी आई असावी लागते. शिक्षणाचे कायदे आज आपल्यापाशी भरपूर आहेत. आपापल्या गावातल्या, आपापल्या पेठेतल्या शाळेत किती मुले पटावर आहेत, किती रोज येतात आणि किती खरोखर वाचू लागली आहेत, ही तीन प्रश्नांची चौकशी आपण नागरिक म्हणून करू लागलो, तर अमरेलीचा प्रयोग आपल्या हातून पुढे चालला, असे म्हणता येईल.